पानांच्या चहाचा जमाखर्च

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि काही दिवसांतच घरोघरच्या शेगडीवर एक नवे पातेले चढले. केंद्रीय आयुष मंत्रालयाने ३१ मार्चला प्रसिद्ध केलेल्या सूचनांमध्ये तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदा-दोनदा घ्यावा, असे सुचविले होते. बाजार बंद, दुकानाला कुलूप. अशा रिकाम्या सकाळी वृंदावनातील तुळशीची पाने खुडणे आणि खलबत्त्यात मिरी कुटणे हा कुटुंबाचा नित्यक्रम झाला. साथ ओसरली, पण ते पातेले अनेक घरांत कायम राहिले. त्याच्या जोडीला फळीवर रंगीत डबे आले: तुळस, गवती चहा, पुदिना, ग्रीन टी, शेवग्याची पाने. आणि प्रत्येक डब्यावर दोन शब्द ठळक अक्षरांत दिसू लागले, 'अँटिऑक्सिडंट' आणि 'दाहशामक'.

व्यापारी घराण्यांत माल उतरवून घेण्यापूर्वी नमुना पाहण्याची रीत आहे. पोत्यावर काय छापले आहे, यापेक्षा पोत्यातून काढलेल्या मूठभर दाण्यांवर जाणत्याची नजर असते. या दोन शब्दांचाही नमुना असाच पाहिला पाहिजे. पानांचा चहा चांगला की वाईट, असा सरधोपट प्रश्न न विचारता त्याच्या जमेला काय धरावे आणि नावे काय टाकावे, याचा हिशेब मांडणे अधिक उपयोगाचे आहे. कारण या हिशेबात एक रक्कम अशी आहे, जी डब्यावर कोणी छापत नाही आणि जिचा भार प्रामुख्याने घरातील स्त्रियांवर पडतो.

चहा एकच, पाने अनेक

खऱ्या अर्थाने 'चहा' म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झाडाची पाने. आपला नेहमीचा काळा चहा आणि ग्रीन टी ही वेगवेगळी झाडे नव्हेत. खुडलेली पाने कोमेजू देऊन, मळून, हवेशी त्यांचा संयोग होऊ दिला की काळा चहा तयार होतो; तीच पाने लगेच वाफेवर किंवा कढईत तापवून ही क्रिया थांबवली की ग्रीन टी. त्यामुळे पानातील कॅटेचिन नावाची द्रव्ये ग्रीन टीमध्ये अधिक प्रमाणात शिल्लक राहतात.

बाकी सारे 'चहा' उपचाराने चहा. गवती चहा हे सुवासिक गवत आहे. तुळस आणि पुदिना या एकाच कुळातील वनस्पती आहेत. या पानांत चहाच्या झाडाप्रमाणे कॅफिन नसते, ही त्यांची पहिली जमेची बाब. झोपेची तक्रार असलेल्या वडीलधाऱ्यांना दुपारनंतर पुदिन्याचा किंवा गवती चहाचा कप त्यामुळेच अधिक मानवतो.

खवट तेलाचे शास्त्र

अँटिऑक्सिडंट म्हणजे काय, हे किराणा व्यापाऱ्याला समजावणे अवघड नाही. तेलाचा डबा उघडा राहिला, शेंगदाणे किंवा सुके खोबरे जुने झाले, की त्याला खवट वास येतो. हवेतील ऑक्सिजन तेलातील स्निग्ध पदार्थांशी संयोग पावतो आणि एकदा ही क्रिया सुरू झाली, की ती साखळीसारखी पुढे सरकत जाते. या साखळीतील उपद्रवी घटकाला शास्त्रज्ञ 'मुक्त मूलक', अर्थात फ्री रॅडिकल, म्हणतात. त्याच्याजवळ एका इलेक्ट्रॉनची तूट असते. ती भरून काढण्यासाठी तो शेजारच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो. मग तो शेजारी तुटीत येतो आणि तिसऱ्याच्या दारात उभा राहतो. उसनवारीची ही साखळी थांबवायची, तर असा कोणी हवा, जो स्वतःजवळचा इलेक्ट्रॉन देऊनही दिवाळखोर होत नाही. अँटिऑक्सिडंट द्रव्य हेच काम करते.

आपल्या पेशींतही श्वासोच्छ्वास आणि अन्नाचे ज्वलन चालू असताना असे मूलक निर्माण होतात. वार्धक्याचे मूळ यांच्या साचत जाणाऱ्या हानीत असावे, असा सिद्धांत अमेरिकन संशोधक डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडला आणि तेव्हापासून या विषयाला चालना मिळाली. तथापि दोन गोष्टी विसरता कामा नयेत. पहिली अशी, की शरीर या बाबतीत असहाय नाही. कॅटलेजसारखी विकरे आणि ग्लुटाथायोन हे द्रव्य शरीर स्वतःच तयार करते. दुसरी अशी, की सर्वच मुक्त मूलक शत्रू नव्हेत. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंचा नाश करताना याच मूलकांचा शस्त्रासारखा वापर करतात. म्हणजे प्रश्न त्यांच्या निर्मूलनाचा नसून समतोलाचा आहे.

पानांत असते तरी काय?

वनस्पती जागा सोडून पळू शकत नाही. ऊन, कीड आणि बुरशी यांपासून स्वतःचे रक्षण करण्यासाठी ती पानांतच निरनिराळी द्रव्ये साठवते. त्यांतील मोठा समूह पॉलिफेनॉल या नावाने ओळखला जातो. ग्रीन टीमधील कॅटेचिन त्याच समूहातील. तुळस आणि पुदिन्यात रोझमॅरिनिक आम्ल आढळते. ते प्रथम १९५८ मध्ये इटालियन रसायनशास्त्रज्ञांनी रोझमेरी या वनस्पतीतून वेगळे केले, म्हणून त्याला हे नाव मिळाले. तुळशीत याशिवाय युजेनॉल असते. लवंगेचा उग्र सुगंध ज्या द्रव्याचा, तेच हे. गवती चहाला लिंबासारखा वास देणारे द्रव्य म्हणजे सिट्राल.

आता दुसरा शब्द, दाह. बोट कापले की भोवतालचा भाग लाल होतो, तापतो, सुजतो. हा दाह उपकारक असतो. रक्षक पेशी तेथे धाव घेत असल्याचे ते चिन्ह होय. काम संपले की तो शमतो. काही वेळा मात्र मंद स्वरूपाचा दाह वर्षानुवर्षे शरीरात धुमसत राहतो. पोटाचा वाढलेला घेर, धूम्रपान, बैठी जीवनशैली यांच्याशी त्याचा संबंध आढळतो आणि मधुमेह व हृदयविकार यांच्या वाटचालीत त्याचा वाटा असतो. प्रयोगशाळेत युजेनॉल, रोझमॅरिनिक आम्ल आणि कॅटेचिन ही द्रव्ये दाह वाढविणाऱ्या काही रासायनिक संदेशांना अटकाव करताना दिसली आहेत. डब्यावरील 'दाहशामक' हा शब्द येथूनच येतो.

काचेची नळी आणि माणसाचे शरीर

येथे नमुना नीट पाहावा लागतो. प्रयोगशाळेत पानांचा तीव्र अर्क थेट पेशींवर घातला जातो. आपण पितो तो कप दोन-चार ग्रॅम पानांचा. त्यातील पॉलिफेनॉलचा थोडाच अंश आतड्यांतून रक्तात शिरतो. यकृत त्याचे रूप पालटते आणि काही तासांत तो शरीराबाहेर टाकला जातो. उरलेला भाग मोठ्या आतड्यात जातो आणि तेथील जिवाणू त्याचे लहान तुकडे करतात. त्यांचा काही लाभ असू शकतो. पण नळीत दिसले ते जसेच्या तसे शरीरात घडेल, असे गृहीत धरता येत नाही.

एकेकाळी अन्नपदार्थांची अँटिऑक्सिडंट शक्ती आकड्यांत मांडली जाई आणि अमेरिकेच्या कृषी विभागाने त्याचे कोष्टकच प्रसिद्ध केले होते. या आकड्यांचा मानवी आरोग्याशी थेट संबंध सिद्ध होत नाही आणि जाहिरातींत त्यांचा गैरवापर होतो, हे ध्यानात आल्यावर २०१२ मध्ये विभागाने ते कोष्टक मागे घेतले. त्याहून मोठा धडा फिनलंडमधून मिळाला होता. तेथे धूम्रपान करणाऱ्या २९,००० हून अधिक पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. बीटा कॅरोटीन हे नावाजलेले अँटिऑक्सिडंट गोळीच्या रूपात घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी सुमारे १८ टक्क्यांनी अधिक आढळला. गाजर खाल्ल्याने जे होते, ते गाजरातील एक द्रव्य वेगळे काढून मोठ्या मात्रेत गिळल्याने होईलच असे नाही.

ग्रीन टीच्या बाबतीतही हेच दिसते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिलेल्या अभिप्रायानुसार नेहमीच्या पद्धतीने केलेला ग्रीन टी सामान्यतः सुरक्षित आहे. परंतु त्यातील मुख्य कॅटेचिन दिवसाला ८०० मिलिग्रॅम वा अधिक पोटात जाईल अशा पूरक गोळ्यांनी यकृतावर ताण पडल्याची लक्षणे दिसू शकतात. तुळशीवरील मानवी अभ्यासांचा आढावा २०१७ मध्ये घेण्यात आला, तेव्हा असे २४ अभ्यास मिळाले. त्यांतील बहुतेकांचा कल अनुकूल होता. पण ते अभ्यास लहान आणि थोड्या मुदतीचे होते. याचा अर्थ तुळशीचा चहा निरुपयोगी आहे असा नव्हे. तो औषध म्हणून सिद्ध झालेला नाही, एवढाच अर्थ.

जमेची खरी बाजू

मग या कपाच्या जमेला काय धरावे? सर्वांत भक्कम रक्कम पानात नाही, साखरेच्या डब्यात आहे. दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर, दलालाबरोबर चहा होतो. दिवसाचे चार कप आणि प्रत्येकी दोन चमचे साखर धरली, तर आठ चमचे, म्हणजे ३२ ते ४० ग्रॅम साखर केवळ चहातून पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार दिवसभराची अशी वरची साखर शक्यतो सुमारे २५ ग्रॅमच्या आत असावी. चारांपैकी दोन कप बिनसाखरेच्या गवती चहाचे किंवा पुदिन्याचे झाले, तर निम्मी साखर त्याच दिवशी वाचते. दाह शमविण्याचा यापेक्षा खात्रीचा मार्ग कोणत्याही पानात सापडणार नाही. मात्र त्याच कपात चमचाभर गूळ पडला, की वाचलेली रक्कम पुन्हा खर्ची पडते.

नावे बाजू: लोहाची गळती

आता ती न छापलेली रक्कम. ज्या पॉलिफेनॉलमुळे पानांना अँटिऑक्सिडंट म्हणून लौकिक मिळाला, तीच द्रव्ये आतड्यात अन्नातील लोहाला घट्ट धरून ठेवतात. धरलेले लोह रक्तात शोषले जात नाही, तसेच बाहेर पडते. गुण आणि दोष एकाच द्रव्यात वसतात.

१९९९ मध्ये ब्रिटिश पोषण नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पावाच्या जेवणाबरोबर निरनिराळी पेये देऊन लोहाचे शोषण मोजण्यात आले. काळ्या चहाने ते ७९ ते ९४ टक्क्यांनी घटले. आश्चर्य म्हणजे निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या पेपरमिंट पुदिन्याच्या चहाने ८४ टक्के, तर कॅमोमाइल फुलांच्या चहाने ४७ टक्के घट झाली. चहात दूध घातल्याने या परिणामात विशेष फरक पडला नाही.

शाकाहारी कुटुंबांनी हे आकडे काळजीपूर्वक वाचावेत. धान्य, कडधान्य आणि भाज्यांतील लोह मुळातच कमी प्रमाणात शोषले जाते आणि पॉलिफेनॉलची पकड याच प्रकारच्या लोहावर बसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत आणि १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला. यामागे अनेक कारणे आहेत. सारा दोष चहाच्या कपावर टाकणे अन्यायाचे होईल. पण सर्वांना वाढून झाल्यावर स्वतःचे जेवण उरकून, ताट उचलताच हातात आरोग्यदायी म्हणून तुळशीचा किंवा ग्रीन टीचा कप घेणारी गृहिणी, मटकीच्या उसळीतून आणि राजगिऱ्यातून मिळविलेले लोह नकळत गमावीत असते. धाप, थकवा, फिकटलेला चेहरा यांना घरात 'कामाचा ताण' म्हटले जाते आणि हिमोग्लोबिनची तपासणी लांबणीवर पडते.

चौविहार पाळणाऱ्या घरांत ही अडचण अधिक तीव्र होते. सूर्यास्तापूर्वी जेवण व्हायचे आणि त्यानंतर पाणीही नाही. म्हणून सायंकाळचे भोजन आणि दिवसाचा शेवटचा काढा एकाच घटकेत उरकला जातो. दोघांमध्ये अंतर राहतच नाही.

उपाय मात्र सोपा आणि बिनखर्चाचा आहे. ब्रिटनमधील स्त्रियांवर झालेल्या एका नियंत्रित चाचणीत जेवण आणि चहा यांत एक तासाचे अंतर ठेवल्याने लोहावरील हा परिणाम बराच सौम्य झाला. म्हणून पानांचा चहा सकाळी न्याहारीच्या तासभर आधी किंवा दुपारी चारच्या सुमारास घ्यावा. सायंकाळच्या जेवणाबरोबर साधे उकळलेले पाणी पुरेसे आहे. जेवताना उसळीवर किंवा वरणावर लिंबू पिळावे. त्यातील क जीवनसत्त्व लोहाचे शोषण वाढवते. कडधान्यांना मोड आणल्यानेही लोह अधिक सुटे होते. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली असेल, तर ती कोणत्याही चहाबरोबर घेऊ नये.

कप कसा करावा?

पाणी उकळून खाली उतरवावे, त्यात एका कपाला चमचाभर सुकी किंवा सात-आठ ताजी पाने घालावीत आणि झाकण ठेवून पाच ते सात मिनिटांनी गाळावे. झाकण महत्त्वाचे, कारण सिट्राल आणि युजेनॉल ही उडून जाणारी द्रव्ये आहेत; उघड्या पातेल्यात पाने खळखळा उकळली की घरभर सुगंध दरवळतो, पण कपात तो उरत नाही. ग्रीन टी तीन मिनिटांहून अधिक ठेवला तर कडवट होतो.

बाजारातील पाककृतींत आले आणि मध हमखास असतात. ज्या घरांत ते वर्ज्य आहेत, त्यांनी काही गमावले असे मानण्याचे कारण नाही. सुंठ आणि लिंबू यांनी चव येते, आणि आयुष मंत्रालयाच्या मूळ सूचनेतही सुंठच होती. ताजी पाने वर्ज्य असलेल्या तिथींना घरच्या नियमाप्रमाणे सावलीत वाळवलेली पाने वापरता येतात. चहा कढत पिण्याची सवय सोडावी. ६५ अंश सेल्सिअसहून अधिक तापलेली पेये अन्ननलिकेच्या कर्करोगास बहुधा कारणीभूत ठरतात, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नमूद केले आहे.

काहींनी विशेष जपावे. आम्लपित्ताने छातीत जळजळ होणाऱ्यांना पुदिना त्रास देऊ शकतो. रक्त पातळ करण्याच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी आणि गर्भवतींनी रोजचा काढा सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. काढा सुरू केला म्हणून गोळी बंद करणे हा तर सर्वांत महाग पडणारा व्यवहार होय.

विकणाऱ्याचा शब्द

या मासिकाच्या वाचकांपैकी अनेक जण ही पाकिटे केवळ घेत नाहीत, विकतातही. गिऱ्हाईक गल्ल्याशी उभे राहून विचारते, 'शेठ, याने साखर जाईल का?' त्या क्षणी दिलेल्या उत्तरावर कदाचित एखाद्याची औषधाची गोळी अवलंबून असते. औषधे व जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये मधुमेह, कर्करोग, रक्तदाब अशा आजारांवर उपचार म्हणून कशाचीही जाहिरात करण्यास मनाई आहे. कायदा जाहिरातीपुरता असला, तरी पिढ्यान्‌पिढ्यांची पेढी टिकते ती तोंडी शब्दाच्या पतीवर.

मालाची पारखही तितकीच महत्त्वाची. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेला २०१३ मध्ये वनस्पतींच्या चहाच्या नमुन्यांत यकृताला घातक ठरू शकणारी अल्कलॉइड द्रव्ये आढळली. ती मूळ पानांची नव्हती. कापणीच्या वेळी मिसळलेल्या तणांची होती. म्हणजे निवडणे-पाखडणे ही जुनी शिस्त येथेही सुटत नाही. पाने ओळखू येतील अशी अखंड असावीत, त्यांना त्यांचा स्वतःचा वास असावा, आणि ती कोठून आली हे पुरवठादाराला सांगता यावे. तुळस आणि गवती चहा तर गॅलरीतील कुंडीतही उगवतात. त्यांच्याइतका खात्रीचा पुरवठादार दुसरा नाही.

हिशेब अखेर असा मिटतो. पानांचा चहा साखर वाचवतो, मनाला तरतरी देतो आणि थोडीफार हितकर द्रव्येही पुरवतो. तो रोग बरा करीत नाही, आणि जेवणाला चिकटून घेतला तर ताटातील लोह घेऊन जातो. तेव्हा उद्यापासून एकच बदल पुरे. स्वयंपाकघरातील घड्याळात चार वाजले की पातेले चढवावे, आणि पहिला कप, जिच्या हाताने तो रोज सर्वांना मिळतो, तिच्या हाती द्यावा. आणि त्याच आठवड्यात तिच्या हिमोग्लोबिनची तपासणीही करून घ्यावी.